ताशी पंच्याण्णव मैल

ऊन चांगलं चढल्यावर शेळ्या उसाच्या बांधाला लावून म्हातारी मैदानात शिरली आणि किंचाळतच बाहेर आली.

मैदानाच्या मधोमध, पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्याशी, एक माणूस पालथा पडला होता. डोकं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

पोलीस लेफ्टनंट योकास्ता पेगेरोने त्याला बुटांवरून ओळखलं. एवढ्या मोठ्या मापाचे बूट सगळ्या कोन्सुएलो गावात एकच माणूस घालायचा. रादामेस कॉरपोरान. अर्ध्या गावाच्या पोरांना बेसबॉल शिकवणारा कोच. गाव त्याला आदराने 'डॉन' म्हणे. हाताखालचं एखादं पोर चमकलं की उत्तरेतला एखादा अमेरिकी क्लब त्याला सही करून घेई आणि त्या घराचे दिवस पालटत.

डाव्या हाताची बोटं मोडून उलटी वळली होती. वार अडवायला हात वर केला असणार. शेजारी रक्ताने माखलेली काळी बॅट होती. दांड्यावर सुरीने नाव कोरलं होतं: येउरी. थोड्या अंतरावर चेंडूचा वेग मोजणाऱ्या स्पीड गनचे तुकडे विखुरले होते.

"यंत्रावर कसला राग काढला?" सार्जंट एलादिओ म्हणाला.

योकास्ता होम प्लेटमागच्या, बॅट घेऊन उभं राहतात त्या जागेमागच्या, जाळीपर्यंत चालत गेली. आदल्या दुपारी पाऊस झाला होता आणि माती अजून मऊ होती. जाळीमागे घडीच्या खुर्चीच्या चार पायांचे खड्डे स्पष्ट उमटले होते.

"रादामेस कधी बसायचा का रे?"

"डॉन रादामेस? बाई, तो जेवायचासुद्धा उभ्याने."

डॉक्टरांनी प्रेत पाहून एवढंच सांगितलं: पहिला घाव टाळूवर बसला होता. माणूस उभा असताना, दोन्ही हातांनी डोक्यावर बॅट उचलून घातलेला. बाकीचे घाव तो पडल्यावरचे.

दुपार कलली तेव्हा एलादिओने येउरीला उसाच्या मळ्यातून फरपटत आणलं. योकास्ता तेव्हा शवागारात होती. ती चौकीवर पोहोचली, तर आतून मारण्याचे आवाज येत होते.

येउरी बातिस्ता सोळा वर्षांचा होता. बांबूसारखा उंच, लांब हात, पंजा केवढा तरी. त्याचा ओठ फाटला होता आणि एक डोळा मिटला होता. एलादिओने पुन्हा हात उगारला, तेव्हा पोराने तोंड झाकायला फक्त डावा हात वर केला.

"एलादिओ, बाहेर हो."

"बाई, बॅट ह्याची आहे! काल ह्याचं आणि कोचचं भांडण सगळ्या पोरांनी ऐकलंय. 'तुझी सही होणार नाही' असं कोच ओरडला, आणि हा रडत पळाला. अजून काय पाहिजे?"

"बाहेर हो म्हटलं ना."

तिने पाण्याचा पेला पुढे केला. येउरीने तो डाव्या हाताने घेतला.

"चेंडू कुठल्या हाताने टाकतोस?"

"उजव्या."

"उजवा हात वर कर."

त्याने पेला खाली ठेवला, पण उजवा हात तसाच लोंबत राहिला.

"वर कर पोरा. डोक्याच्या वर."

हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पोराच्या कपाळावर घाम फुटला, गळ्यातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. मग तो भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागला.

"कधीपासून?"

"नाताळापासून दुखतोय. काल संध्याकाळी आत काहीतरी तुटलं. बाई, तुमच्या पाया पडतो, कोणाला सांगू नका. मीच मारलं असं लिहा. पण खांद्याचं लिहू नका."

"वेडा आहेस का? खुनात वर्षानुवर्षं सडशील."

"तुरुंगातून माणूस सुटतो. फाटक्या खांद्याच्या पिचरला कोणी विचारत नाही. आईला वाटतं, पुढच्या महिन्यात सही झाली की आम्ही ह्या बातेतून, ऊसतोड्यांच्या वस्तीतून, बाहेर पडणार. पाच भावंडं आहेत माझ्या मागे."

"काल संध्याकाळी मैदानावर खुर्ची टाकून कोण बसलं होतं?"

येउरीचे डोळे एकदम कोरडे झाले.

"कोणी नाही. मी आणि डॉन रादामेस. दोघंच."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रादामेसच्या घरी बायका जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्याची बायको लेओकादिया, गावाची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, न रडता सगळ्यांना कॉफी देत होती.

"संध्याकाळी कशासाठी गेले होते ते?" योकास्ताने विचारलं.

"बोलायला. कोणाशी ते मला नाही सांगितलं. 'आज काही मोजायचं नाही, लेओ, आज फक्त बोलायचंय,' म्हणाला आणि हात हलवत निघून गेला." तिने दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे टोपी होती, शिटी होती, आणि चामड्याच्या पट्ट्याने लटकवलेली स्पीड गन. "सगळं इथेच ठेवून गेला. अशी त्याची टोपी कधी घरी राहिलेली मला आठवत नाही."

"येउरीवर रागावले होते?"

"त्याच्यावर?" तिने किटली खाली आपटली. "स्वतःवर रागावला होता. रात्र रात्र उठून बसायचा. 'त्या पोराला मी घोड्याची औषधं टोचली, लेओ,' म्हणायचा. तुमच्या सार्जंटने त्या लेकराला मारलं म्हणे? पुन्हा हात लावला तर मी येईन चौकीवर, सांगून ठेवते."

गावात दुसरा कोच होता, एका डोळ्याचा प्रिमितिवो. रादामेसचा जन्माचा वैरी. तो आंब्याखाली कोंबड्याच्या पायाला पट्टी बांधत बसला होता.

"भांडण होतं ना तुमचं?"

"होतं की. त्याने माझी पोरं पळवली, मी त्याची पळवली. धंद्यात चालतं, बाई."

"कोयता दाखवला होतास म्हणे त्याला."

"दाखवला होता, चालवला नव्हता. मारायचंच असतं तर कोयत्याने मारलं असतं. बॅट वाया कशाला घालवू?"

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"झुंजीच्या आखाड्यात. माझा मोठा कोंबडा मेला, हा लंगडा झाला. अख्खं गाव खिदळत होतं. कोणालाही विचारा, आनंदाने सांगतील."

"तुझी स्पीड गन कुठे आहे?"

"मला कशाला हवी? ह्या एका डोळ्याला वेग कळतो. यंत्र त्यांना लागतं, ज्यांना दोन असून दिसत नाही." तो हसला, मग हसू ओसरलं. "रादामेस हरामखोर होता. पण पोरांना जेवू घालून मगच जेवायचा. ते मला कधी जमलं नाही."

आखाड्यातल्या लोकांनी त्याचं म्हणणं खरं ठरवलं. हसतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी योकास्ता सान पेद्रो शहरात अँबियोरिक्स लोराकडे गेली. लोरा क्लबचा पारखी होता. बेटावरच्या मैदानांवरून हिंडायचं, कोवळी पोरं हेरायची, आणि कोणाची किती किंमत ते साहेबांना कळवायचं, हे त्याचं काम. येउरीला त्यानेच हेरलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो व्हरांड्यात बसला होता.

"काय बघता तुम्ही पोरात?"

"आज आहे ते कोणीही बघेल. मी पाच वर्षांनंतरचं बघतो. मनगट बघतो, पंजा बघतो. बाप बघतो, आई बघतो, म्हणजे पोर किती भरेल ते कळतं. हरलं की काय करतं तेही बघतो. घोडा घेताना दात बघतात ना, तसंच."

"आणि येउरी?"

"पंधराव्या वर्षी ताशी पंच्याण्णव मैल! पुऱ्या बेटावर असा हात नव्हता. माझे आधीचे दोघं फुकट गेले होते, म्हणून साहेबांना लिहून दिलं, हा चुकला तर मला काढून टाका." त्याने उसासा टाकला. "आता सगळं मातीत गेलं. काल उजाडता उजाडता, कॉफी पिण्याआधीच साहेबांना फोन करून सांगितलं, येऊ नका. खुनी पोराला कोणता क्लब घेईल?"

"त्या मैदानावर शेवटचे कधी गेला होतात?"

"गेला आठवडाभर फिरकलो नाही. त्या संध्याकाळी इथेच होतो, टीव्हीवर मॅच बघत."

"एकट्याने?"

"बायको आईकडे गेलीय. का? पकडलाय ना पोराला?"

"पकडलाय. तुमची एक मदत हवी होती. संध्याकाळी मैदानावर याल? आणि येताना तुमची स्पीड गन आणा."

लोराने कॉफीचा कप खाली ठेवला. "आणतो की," तो म्हणाला.

तिथून ती चौकीवर गेली आणि क्लबच्या साहेबांना फोन लावला.

उन्हं तिरपी झाली तेव्हा मैदानावर गर्दी होती. रादामेसची पोरं होम प्लेटपाशी घोळक्याने उभी होती. सगळ्यांत पुढे त्यांचा कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, बेनितो, बुटका आणि जाड, रडून डोळे सुजलेला. कोणी ज्याच्याकडे वळूनही बघत नसे असं पोर. दोन्या लेओकादिया आली होती, येउरीची आई आली होती, प्रिमितिवोही. येउरी एलादिओशेजारी उभा होता. त्याच्या बेड्या काढल्या होत्या.

लोरा आला. त्याच्या हातात कोरी करकरीत स्पीड गन होती.

"नवी?" योकास्ताने विचारलं.

"जुनी दुरुस्तीला दिलीय."

"कोणाकडे?"

"राजधानीत. एका माणसाकडे."

योकास्ताने पिशवीतून दोन वस्तू काढून बाकावर ठेवल्या. एक धड स्पीड गन आणि एक रुमालात बांधलेले तुकडे.

"ही रादामेसची. खुनाच्या वेळी ती त्याच्या घरी खिळ्यावर होती. प्रिमितिवोकडे यंत्रच नाही. मग रादामेसच्या प्रेताशेजारी हे तुकडे कुठून आले? मुठीच्या आत क्लबचा क्रमांक आहे, लोरा. तुमच्या साहेबांनी तो ओळखला. तुम्हाला दिलेलं यंत्र."

"चोरीला गेलं होतं ते."

"आत्ताच तर दुरुस्तीला होतं." ती पुढे बोलत राहिली. "साहेबांनी आणखी एक सांगितलं. येउरीने कोचला मारलं, हे तुम्ही त्यांना काल उजाडताच कळवलंत. प्रेत सापडलं ऊन चढल्यावर, येउरीला आम्ही पकडलं दुपारनंतर. उजाडताना खून झाल्याचं पोलिसांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं? बॅटवर ते नाव आहे, हे मारणाऱ्यालाच माहीत होतं."

लोराने ओठ चाटले. "बॅट त्याचीच होती ना? मग मारलं त्यानेच!"

"ज्याने मारलं त्याने बॅट दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली होती." योकास्ता वळली. तिचा आवाज खाली आला. "येउरी, मला माफ कर बाळा. पण आता दाखवावं लागेल."

येउरीने आईकडे पाहिलं. मग उजवा हात उचलला. हात छातीपाशी थरथरला आणि गळून पडला. घोळक्यात कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. त्याची आई मटकन खाली बसली.

"त्या संध्याकाळी लोरा खुर्ची घेऊन आले होते," येउरी जमिनीकडे बघत बोलू लागला. "साहेब यायच्या आधी एकदा टाकून दाखव म्हणाले. डॉन रादामेस नको म्हणत होते, दुपारीही त्यावरूनच ओरडले होते. पण मला सही हवी होती. मी टाकलं. तिसऱ्या चेंडूला खांदा तुटला. लोरा म्हणाले, घरी जा, तोंड बंद ठेव, मी अजूनही सही करून देतो."

"तू गेल्यावर रादामेसने त्यांना सांगितलं असणार, की तो साहेबांना सगळं सांगून टाकणार," योकास्ता म्हणाली. "दुखऱ्या खांद्यात इंजेक्शनं टोचून पोराला टाकायला लावलं, आणि ते कोणी करायला सांगितलं, तेही. म्हणजे लोरांची पारख, नाव, नोकरी सगळं संपलं. झटापटीत यंत्र फुटलं. हाताला लागली ती बॅट येउरीची निघाली, आणि हे तर सोन्याहून पिवळं झालं. पोरगा तुरुंगात गेला की त्याचा खांदा कोण तपासणार? पारखी चुकला असं कोणी म्हणणार नाही, पोरगाच वाया गेला म्हणतील. खरं ना, लोरा?"

"मी त्याला हात जोडले होते!" लोरा ओरडला. "वीस वर्षं मैदानांची धूळ खाल्ली मी! एका पोराच्या खांद्यासाठी तो मला रस्त्यावर आणणार होता!"

त्याने बाकाला टेकलेली बॅट उचलली. पहिला फटका एलादिओच्या गुडघ्यावर बसला आणि सार्जंट ओरडत कोसळला. दुसरा योकास्ताच्या डोक्याकडे आला. तिने हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड काडकन मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तिचं पिस्तूल गवतात पडलं. लोरा बॅट टाकून मैदानातून उसाच्या दिशेने पळत सुटला. मातीचा उंचवटा ओलांडून तो पुढे गेला.

बेनितोने वाकून चेंडू उचलला. पाय रोवला आणि खांद्यावरून फेकला. चेंडू जमिनीला समांतर, हवा कापत गेला.

लोरा मागे वळून बघत होता. चेंडू त्याच्या जबड्यावर बसला. तो जिथे होता तिथेच दुमडला, आणि तोंडातून रक्त आणि दात बाहेर आले. पोरं त्याच्यावर तुटून पडली. योकास्ता मोडका हात छातीशी धरून धावली आणि लाथा घालणाऱ्यांना एकेक करून बाजूला ओढलं, नाहीतर त्या संध्याकाळी मैदानावर दुसरा मुडदा पडला असता.

लोराला जीपमध्ये टाकलं. एलादिओला स्ट्रेचरवर घेतलं. दोन्या लेओकादिया येउरीच्या आईपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "ऊठ बाई. राजधानीत हाडांचा चांगला डॉक्टर आहे. रादामेसने वेळ घेऊन ठेवली होती. ती आपण चुकवायची नाही."

प्रिमितिवो मात्र केव्हाचा होम प्लेटपाशी पोहोचला होता. त्याने बेनितोचा उजवा हात धरला होता. मनगट दाबून बघत होता, पंजा उलटा करून बघत होता, आणि त्याचा एकुलता एक डोळा लखलखत होता.

"कितव्या वर्षाचा रे तू? बाप किती उंच आहे? आता कोच कोण तुझा? कोणी नाही ना?"

येउरी चालत तिथे गेला. फाटलेला ओठ, मिटलेला डोळा, लोंबणारा उजवा हात. त्याने डाव्या हाताने प्रिमितिवोची बोटं बेनितोच्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

"आज नाही," तो म्हणाला. "आज त्याला हात लावायचा नाही."