फरक शून्य

प्रगती दौंडच्या एका खाजगी लॅबमध्ये जंतू वाढवायची. घरी यायला उशीर झाला की नवरा विचारायचा, "जेवायला घालून आलीस का त्यांना?"

या वेळी मात्र काचेच्या बशीत तिच्या आईचा जंतू वाढत होता. आई म्हणजे वडगाव रासाईच्या कुशाबाई. कृत्रिम गुडघ्यात पू झाला, म्हणून सांधा काढून दुसरा बसवला, तर त्यातही पू. जंतू बाहेरून नवा आला असेल तर अजून एकदा सांधा बदलून बघू, जुनाच असेल तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

नमुना जनुकीय तपासणीला पुण्याला गेला. तिथल्या सुदर्शनचा फोन आला. त्यांच्या साठ्यातल्या नऊ वर्षांपूर्वीच्या एका नमुन्याशी तो जुळत होता. खुब्याचा सांधा, पेशंट रखमाजी.

"मॅडम, नऊ वर्षांत जंतू थोडा तरी बदलतो. इथं जनुकांत एका अक्षराचा फरक नाही. नमुन्यांची अदलाबदल झालीय."

रखमाजी तिचे वडील. त्याच दुखण्यात गेलेले.

प्रगतीने स्वतःच्या हाताने आईच्या गुडघ्यातला नमुना पुन्हा घेऊन पाठवला. फरक शून्य.

मग ती गावी गेली. देव्हाऱ्यात बिरदेवाच्या टाकाशेजारी हळदीने माखलेला धातूचा गोळा होता. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळी भीमेत सोडली होती, पण त्यांच्या कृत्रिम खुब्यातला हा गोळा आईने ओच्यात घेतला. बाकी पूर्वजांचे टाक चांदीचे, यांचा हा असा.

तिने गोळ्यावरचाही नमुना घेतला. बशीत काहीच वाढलं नाही. चितेतून निघालेल्या धातूवर काय वाढणार? तरी वाढलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आई, ऑपरेशनला हा बरोबर नेला होतास?"

"न्हाई गं." आईने सुजलेला गुडघा कुरवाळला. "पर तवापास्नं ते देव्हाऱ्यात न्हाईत. हितं हायती."

"मग पाय काढू दे."

"आलेल्या मानसाला हाकलत न्हाईत, प्रगते."

तरी प्रगतीने संमतीच्या कागदावर आईचा अंगठा घेतला. पाय मांडीपासून गेला. हाड जिथं कापलं, तिथला तुकडा, जंतू उरलाय का बघायला, पुण्याला पाठवला.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, रिपोर्ट आला.

जंतू शून्य.

ती वॉर्डात गेली. आई कॉटच्या अगदी कडेला सरकून झोपली होती.

"पडशील, आई. मधे सरक."

"जागा नगं व्हय त्येंला?"

प्रगतीने चादरीखाली, पाय नव्हता तिथं, हात घातला.

गादी खोल दबलेली होती. आणि तापाने फणफणलेली.