रांगेतला चौथा

आमच्या बंधुसंघाच्या शाखेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी जमीन मोजणारा म्हणून. पस्तीस वर्षं अलाबामातली शेतं मोजली, एक फूट इकडचा तिकडे होऊ दिला नाही. बंधूंना वाटलं, वेंडेल पेटवे तारखाही तशाच चोख मांडेल. काळ्या मुलांच्या या कॉलेजातली आमच्या बंधुसंघाची, म्हणजे फ्रॅटर्निटीची, शाखा पंचाहत्तर वर्षांची होत होती. ऑक्टोबरातल्या मेळाव्यात, दुपारच्या जेवणाआधी, मला तो इतिहास वाचून दाखवायचा होता.

संस्थापक, पहिलं घर, मतदार नोंदणीपायी तुरुंगात गेलेले नऊजण, सगळं सुरळीत कागदावर उतरलं. गाडं अडलं ते १९७४च्या वसंतात, माझ्याच तुकडीपाशी.

संघात यायचं तर उमेदवारांनी सहा आठवडे उंचीप्रमाणे रांगेत चालायचं, बुटका पुढे. उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर. मागे वळून पाहायचं नाही. कुणाबद्दल विचारलं, तर उत्तर त्याच्या मागच्याने द्यायचं. आम्ही सातजण होतो. तिसरा लेम्युएल, चौथा ओडेल गेदर, पाचवा मी. नोंदवहीत मात्र सहाच नावं आहेत.

छाती आवळल्यासारखी वाटतेय, असं ओडेलने मला त्या सकाळीच सांगितलं होतं. दुपारी लाल मातीच्या रस्त्यावर त्याचा खांदा माझ्या हाताखाली थरथरत होता. रांग चालवणाऱ्या संघाच्या थोरल्या बंधूने मला विचारलं, "चौथा चालेल का?" दोनच दिवस उरले होते, आणि एक गळला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. मी म्हणालो, "चालेल." पिकानच्या, त्या अक्रोडासारख्या झाडांच्या, बागेपर्यंत तो चालला. तिथे पडला, तो उठलाच नाही. त्याच्या मरणाशी आमचा संबंध नाही, तो आदल्या दिवशीच रांग सोडून पळाला होता, असं शाखेने कॉलेजला कळवलं. आम्ही सहाहीजणांनी माना डोलावल्या.

यंदा, मेळाव्याआधी ऑगस्टात, त्याची बहीण व्हर्डेल माझ्या व्हरांड्यात येऊन बसली. पुढ्यात ठेवलेल्या गार चहाला तिने हात लावला नाही.

"मिस्टर पेटवे, मला कुणाला तुरुंगात नाही घालायचंय," ती म्हणाली. "आई गेली ती पोरगा पळपुटा निघाला असं समजून. तो पळाला नव्हता, एवढं एक वाक्य लिहा."

मी शब्द दिला. पानही लिहिलं, माझ्या त्या "चालेल"सकट. बऱ्याच वर्षांनी नीट झोप लागली.

मग शेवटच्या दिवसाच्या आठवणी विचारायला लेम्युएलच्या केशकर्तनालयात गेलो. साखरेने त्याचे डोळे गेलेत, खुर्ची आता मुलगा सांभाळतो. लेम्युएल कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांची टर उडवतो.

"ये पाचव्या," तो म्हणाला. "तुझा हात मात्र फार जड हां. अजून तसाच आहे."

मला कळेना. ओडेल गेल्यावर पुन्हा सुरुवात न करता रांग तशीच पुढे सरकवली, तेव्हा माझा हात लेम्युएलच्या खांद्यावर यायला हवा होता. मला तो ठेववलाच नाही. मी एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून, हात नुसता हवेत धरून चाललो होतो. तसं मी त्याला सांगितलं.

लेम्युएलचं हसू गेलं. "थट्टा करू नकोस. जेवताना हात असतो, चर्चमध्ये असतो. बायको म्हणते डॉक्टरला दाखव."

मी त्याच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. दुकानात एसी चालू होता आणि त्याचा शर्ट कोरडा होता. फक्त उजव्या खांद्यावर ओल होती. चार बोटं आणि अंगठा, सहज मोजता आले.

मेळाव्याच्या दिवशी आम्हा उरलेल्या चौघांना व्यासपीठावर जुन्या क्रमाने उभं केलं. माझ्यापुढे लेम्युएल. आमच्यामधलं अंतर मी आपोआपच ठेवलं. माझ्या हातात माइक दिला.

त्याआधी शाखेच्या तरुण अध्यक्षाने मसुदा वाचून मला बाजूला घेतलं होतं. बोलला अदबीने. ते पान वाचलंत तर शाखाच बंद होईल, काका, आणि या पोरांनी काय केलंय? मी पानाची घडी घालून ते खिशात ठेवलं होतं.

तिसऱ्या रांगेत व्हर्डेल बसली होती, पांढऱ्या टोपीत.

पान उघडलं. माझी अक्षरं मला स्वच्छ दिसत होती.

"१९७४, वसंत," मी वाचलं. "सहाजण."

टाळ्या पडल्या. टोपी हलली नाही. मला इतकी लाज वाटली की पुढची ओळ सापडेना.

"हात निघाला," लेम्युएल पाठमोराच, हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

त्याने खांदा फिरवून पाहिला, ओझं उतरल्यासारखा. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तू सहा म्हणालास, आणि निघाला." मग जरा थांबून म्हणाला, "हात काढल्याशिवाय मागे वळता येत नाही, पेटवे."

आमच्यामध्ये व्यासपीठाची रिकामी फळी होती, फार तर तीस इंच.

तिथून कुणाचा तरी ऊन, धापा टाकणारा श्वास माझ्या तोंडावर येत होता.