हद्द ठाण्याचीच

ठाण्याच्या ग्राहक मंचाबाहेर चहाचा ग्लास उचलताना शेवंतीचा हात कुणाच्यातरी हाताला लागला. वर बघते तो… दौलत! ठाणे जिल्ह्यातल्या तिच्या कोपरच्या समाजमंदिरात विणायच्या मशिनी विकून गेलेला तोच.

"ओळखलंत?"

"विसरेन कशी? 'तुम्ही स्वेटर विणा, आम्ही उचलतो' म्हणालेलात. अख्खं कोपर विणत बसलं नि उचलायला कुणी फिरकलंच नाही!"

"मी सोडली ती नोकरी. आज तुमच्या बाजूने बोलायला आलोय."

कंपनीचं म्हणणं, व्यवहार मुंबईच्या ऑफिसात झाला, ठाण्याच्या मंचाची ही हद्दच नाही. केस मुंबईला गेली की चूल, पोरं टाकून एवढ्या बायका तिकडे खेपा घालणार कशा? केस जागीच मरणार. आणि हा नेमका आजच उगवतो… कंपनीनेच धाडला असेल तर?

शेजारी तिच्याबरोबर आलेली कोपरची मनुबाई गुणगुणली, "गोड बोले, गोड हसे, बाई गं, याचा धनी कोण?"

"हो, धनी कोण तुमचा?" शेवंतीने तोंडावर विचारलं.

"सध्या कुणीच नाही. धनीण तर… त्याहून नाही."

"हद्दीत राहा हं!"

"तेच सांगायला आलोय. हद्द ठाण्याचीच."

हसू आलं, तिने ते चहाबरोबर गिळलं. विश्वास काही बसेना.

आत कंपनीच्या वकिलाने दौलतला छेडलं, "मशिनी कोपरलाच विकल्या, कशावरून?"

"या बाई पुढेच बसलेल्या. म्हणाल्या, 'अहो, इथे घाम पुसून पुरेवाट, स्वेटर घालणार कोण?' तरी तिथल्या तिथे पहिली सही यांनीच केली. का, ते मला अजून कळलं नाही."

मंच हसला. शेवंतीची कानशिलं तापली. का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मशीन तिने धड पाहिलीही नव्हती…

केस ठाण्यातच राहिली.

बाहेर दौलत हळूच म्हणाला, "आता तरी सांगा. सही का केलीत?"

"मशिनीसाठी नाही," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पण केस संपेस्तोवर भेटायचं नाही. साक्षीदार फोडला म्हणतील."

"मग बघायचं तरी कधी?"

"तारखेला यायचं. लांब बसायचं."

पुढची तारीख लगेचची पडली. "पुन्हा एवढ्यात खेप!" बायका करवादल्या.

शेवंती तेवढी गालात हसली.