टॅडलॉकांच्या घराखालची वाफ

बावीस वर्षं मी लोकांच्या घरांखाली सरपटत काढली. टार नदीच्या काठाला आमची घरं जमिनीला टेकत नाहीत. विटांच्या खांबांवर दोन-अडीच फूट उचललेली असतात. खालच्या पोकळीत ओल धरते, वाशांना बुरशी लागते, आणि मग माझ्यासारख्याला बोलावणं येतं.

मिस व्हर्लीन टॅडलॉकनं बोलावलं तेव्हा ऑगस्ट निम्मा सरला होता. नवरा हॅस्केल जाऊन वर्ष झालेलं, म्हातारी एकटीच राहायची. मागच्या खोलीतल्या फळ्या पायाखाली दबतात, घरभर कुबट वास येतो, असं तिचं म्हणणं.

"ओडेल, तुझं पोट जाईल ना रे यातून?" पोकळीचं दार दाखवत तिनं विचारलं.

"अडकलो तर मागून ढकला."

आत नेहमीचंच होतं. काळोख, चिकट चिखल, वाशांवर पांढरी लव. दोन दिवस खपून मी बुरशी खरवडली, कुजलेल्या वाशाला टेकू दिला, झरोके बंद केले आणि सगळ्या मातीवर जाड, पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटवून टाकल्या. मातीतली वाफ खालीच अडकते आणि घर सुकतं. साधं काम आहे.

आठ दिवसांनी पाहायला गेलो. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूनं थेंब धरले होते. धरायलाच हवेत. मागच्या खोलीखाली मात्र बशीएवढा एक ठिपका निराळा दिसला. तिथं थेंब नव्हते. वाफ धरायची, पांढरी व्हायची, विरून जायची. पुन्हा धरायची. थंडीत काचेला तोंड लावून कुणी बसावं तशी.

मी हात ठेवला. उबदार लागलं.

कसा बाहेर आलो ते माझं मला ठाऊक. मिस व्हर्लीन पायरीवर बसली होती. थंड चहाचा पेला तिनं माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"दिसलं तुला," ती हळूच म्हणाली.

"काय आहे ते?"

"नळ फुटला म्हणून खाली उतरला होता हॅस्केल. मी वरून हाका मारत होते, तो फळी ठोकून ओ देत होता. मग ठोकणं थांबलं… माणसं येऊन त्याला बाहेर काढेपर्यंत दोन तास गेले."

"पण पुरलं ना त्यांना चर्चमागं? शवपेटी उचलायला माझाही हात होता, मिस व्हर्लीन."

"पुरलं रे. नाही कोण म्हणतंय?" तिनं मांडीवरचे हात आवळले. "तरी खालून आवाज यायचा त्याचा. आधी नुसता खोकायचा. तू ते प्लॅस्टिक टाकलंस आणि त्याला धाप लागली. आठ दिवस ऐकतेय मी… रात्रंदिवस."

मी चहाचा पेला पायरीवर ठेवला.

"तू कापतोस, का मी उतरू?"

सत्त्याहत्तर वर्षांची बाई. गुडघे दुखतात म्हणून चर्चच्या पायऱ्या चढत नव्हती. मी सुरी घेऊन पुन्हा आत गेलो. ठिपक्याभोवती गोल कापलं आणि तो तुकडा उचलला. खालून जो श्वास आला त्याला मातीचा वास नव्हता. चघळलेल्या तंबाखूचा होता. मग वरून, फळ्यांपलीकडून, मिस व्हर्लीनचं रडणं ऐकू आलं. त्यात दुःख नव्हतं, सुटका होती.

सप्टेंबरच्या अखेरीला शेवटची तपासणी होती. फळ्या घट्ट झाल्या होत्या, वास गेला होता. तिनं माझ्यासाठी रताळ्याचा केक भाजला होता. "आता झोप लागते मला," म्हणाली. तिचा चेहरा भरला होता.

मी खाली उतरलो. कापलेल्या जागी नुसती कोरडी माती होती. वासे सुके, बुरशीचा मागमूस नाही. हातून चांगलं काम झालं असं वाटलं. परतताना दाराच्या अलीकडं दम खायला पोटावर पडलो, आणि दिव्याच्या उजेडात माझ्या तोंडाखालचं प्लॅस्टिक पांढरं झालेलं दिसलं.

माझाच श्वास असेल म्हणून बोटानं पुसलं. पुसलं गेलं नाही. वाफ खालच्या बाजूला होती.

मी श्वास रोखला. वाफ विरली आणि प्लॅस्टिक तसंच राहिलं… स्वच्छ. छाती फुटायला आली तेव्हा मी श्वास सोडला. त्याच क्षणी खालून वाफ धरली.

"ओडेल, सापडलं का काही?" दारातून मिस व्हर्लीननं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

सुरी खिशात होती. पण कापलं तर सुटणार कोण, हे मला ठरवता येईना. मी तसाच बाहेर आलो, दार लावलं. त्यानंतर कुठल्याही घराखाली गेलो नाही.

तेव्हापासून दिवसातून दोन-चारदा मला एकाएकी श्वास घेता येत नाही. कधी जेवताना, कधी गाडी चालवताना. डॉक्टर दर वेळी छातीचा फोटो काढतात. फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणतात. फक्त गेल्या खेपेला त्यांनी नर्सला बोलावलं आणि माझ्या ओठांच्या कडेची ओली माती पुसून घ्यायला सांगितली.