भरलेली गाडी, रिकामा डबा

भजी अजून कढईत होती, तेवढ्यात माझ्या पर्समध्ये बाबांचा फोन वाजला.

मी दचकले. बाबा गेले दसऱ्याच्या आधी. तेव्हापासून त्यांचा फोन मी रोज चार्ज करते, सोबत बाळगते, आणि तो वाजत नाही. नंबर अनोळखी होता.

"साहेब, पांढरी गाडी तुमचीच ना?" पुरुषाचा आवाज. घाईतला, पण गोड. "चार्जिंग शहाण्णव टक्क्यांवर येऊन बसलंय. जरा काढता का?"

"मी साहेब नाही."

"मंग साहेबांना द्या की."

"ते... नाहीत."

"कधी येतील?"

ढाब्याच्या पत्र्यापलीकडे कुणाच्या तरी शेतात हळद शिजत होती. तिचा उग्र, ओला वास हवेत भरून राहिला होता. मी थोडा वेळ नुसता तो वास घेतला.

"मीच येते," म्हणाले.

आखाडा बाळापूरच्या बाहेर, नांदेड रस्त्यावर, या ढाब्यामागे दोन गनचा, म्हणजे गाडीला जोडायच्या दोन जाड वायरींचा, फास्ट चार्जर आहे. एक गन बंद होती, दुसरी बाबांच्या गाडीत. पुढच्या काचेमागे बाबांच्या शिक्षकी अक्षरातला कागद – 'गाडी चार्ज होत आहे. अडचण झाल्यास फोन करावा' – आणि खाली त्यांचा नंबर. इलेक्ट्रिक गाडीवाले असा नंबर ठेवतातच. तो कागद काढायला मी विसरले होते... किंवा विसरले नव्हते.

निळ्या गाडीला टेकून तो उभा होता. दुमडलेल्या बाह्या, कोपरावर वाळलेला चिखल. शेजारच्या सीटवर थर्माकोलची पेटी, आणि पेटीला चक्क सीटबेल्ट.

"पेटीला बेल्ट?"

"लस हाय तिच्यात. कळमनुरीच्या पलीकडं शेळ्या वाट बघून राहिल्या. मला काय झालं तर चालतंय, तिला न्हाई." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी डॉक्टर रणजीत. जनावरांचा."

"मी शिवकन्या. माणसांतली."

तो हसला. एका गालावर खळी पडली, दुसऱ्यावर नाही.

"मंग शिवकन्याताई –"

"ताई नको."

"बरं. नुसतं शिवकन्या. शंभर टक्के कशाला करून राहिल्या? ऐंशीच्या पुढं गाडी खात न्हाई. शेळीवानी रवंथ करीत बसते."

"गाडी आज विकायची आहे. नांदेडला गिऱ्हाईक थांबलंय. अर्धी रिकामी कशी देणार?"

"शेजारणीचा डबा हाय का ती?"

"आमच्याकडे साधा डबासुद्धा कुणाला रिकामा परत देत नाहीत. ही तर गाडी आहे."

त्यानं मान हलवली, जणू मी काही बरोबर सांगितलं होतं.

मी गन काढली, त्यानं आपल्या गाडीत लावली. काहीच होईना. त्याच्या फोनमध्ये चार्जिंगची तीन ॲपं होती. एक हिंगोलीच्या मशीनला चालणारं, एक नांदेडच्या, आणि एक शोरूमचं – तिथं तर फक्त त्यांच्याच कंपनीची गाडी घेतात. या मशीनचं ॲप त्याच्याकडे नव्हतं. त्यानं ते उतरवलं, नंबर टाकला, आणि ओटीपीची वाट बघत फोन आभाळाकडं धरला.

"वरून पडणार आहे का ओटीपी?"

"तुमी हसा. तिकडं शेळ्या रडतील."

मला गंमत वाटत होती, आणि वाटतेय याचंच नवल वाटत होतं. मी बाबांचा फोन उघडला. सगळ्या नेटवर्कची ॲपं त्यांनी एका फोल्डरमध्ये ठेवली होती. फोल्डरला नाव दिलं होतं, 'पाणपोई'. मी तो कधी उघडलाच नव्हता. आमच्या गाडीला गरज पडत नसे. गन लावली की नेटवर्क गाडीला ओळखतं, आणि मशीनच्या पडद्यावर अक्षरं येतात – 'स्वागत आहे, दत्तप्रसाद'. म्हणूनच तर गाडी विकायची होती. दर चार्जरवर बाबांचं स्वागत व्हायचं, आणि गाडीतून मी उतरायची.

मी ॲप सुरू केलं. निळ्या गाडीत खट् आवाज झाला, आणि पडद्यावर तेच आलं. स्वागत आहे, दत्तप्रसाद.

त्या मशीननं निळ्या गाडीलाही बाबाच समजलं होतं. मला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून आलेलं.

"काय झालं?" तो गोंधळला.

"बाबांच्या नावावर आता दोन गाड्या झाल्या."

त्यानं पडद्यावरचं नाव वाचलं. काचेमागचा कागद पाहिला. मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"मी फोनवर इचारलं... कधी येतील म्हणून."

"तुम्हाला काय माहीत."

"न्हाई. पण तुमी मधीच थांबला होता. ते मला ऐकू आलं होतं. मी घाईत होतो."

इतक्या महिन्यांत लोकांनी माझं बोलणं ऐकलं होतं. थांबणं ऐकणारा हा पहिलाच. मी उगाच ओढणी सारखी केली.

भजी आली. आम्ही बॉनेटवर कागद पसरून उभ्याउभ्याच खाल्ली. एकच तळलेली मिरची उरली. दोघांची बोटं एकदमच तिच्यावर गेली, आणि दोघांनीही ती सोडून दिली.

"काहून विकता?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. स्वागताचं. उतरण्याचं.

"ॲपमधी नाव बदलता येतं," तो म्हणाला.

"येतं?"

"व्हय. पण मी असतो तर बदललं नसतं. इतक्या अदबीनं आजकाल कोण कुणाला बोलावतं?"

मी बाजूला गेले आणि नांदेडला फोन लावला. गाडी देत नाही म्हणाले. गिऱ्हाईक चिडलं, बरंच बोललं. मी सगळं ऐकून घेतलं. हळदीचा वास आता आवडायला लागला होता.

"मंग आता कुठं?" परत आल्यावर रणजीतनं विचारलं.

"परत हिंगोलीला."

"भरल्या पोटी?"

"रवंथ करत."

तो निघाला तेव्हा उरलेली भजी मी माझ्या स्टीलच्या डब्यात घालून पेटीशेजारी ठेवली. पेटीचा बेल्ट त्यानं डब्यावरूनही घेतला.

"डबा कुठं आणून देऊ? तुमचा नंबर...?"

"आहे की तुमच्याकडे."

"तो तुमच्या बाबांचा, सरांचा."

"उचलते मीच."

डबा कळमनुरीत परत मिळाला, हुरड्यानं भरलेला. मी त्यातून तिळाची चटणी पाठवली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तो बोरं घेऊन आला. मी शेंगदाण्याचे लाडू दिले. प्रत्येक वेळी आधी बाबांचा फोन वाजायचा. "साहेब, पांढरी गाडी तुमचीच ना?" आणि मी धावत फोन शोधायची. मध्येच त्याला कुठल्या तरी गावात चार्जर सुरू होत नसे. मी घरबसल्या पाणपोई उघडून त्याची गाडी सुरू करून द्यायची. तो तिथून सांगायचा, "सरांचं स्वागत झालं बरं का." मी त्या वाक्याची वाट बघायला लागले होते. त्याच्या येण्याची वाट तर त्याआधीपासूनच बघत होते.

उन्हाळा लागता लागता बाळापूरची दुसरी गन दुरुस्त झाली. पांढरी आणि निळी पहिल्यांदाच शेजारीशेजारी लागल्या. रणजीतनं डबा माझ्या हातात दिला.

हलका होता. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे त्याला मीच सांगितलं होतं. रिकामा म्हणजे... देणंघेणं मिटलं. यापुढे नको.

"रिकामा?"

तो वळून मशीनच्या पलीकडे गेला, पाठमोरा. आणि बाबांचा फोन वाजला.

"साहेब आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "त्यांची मुलगी बोलतेय."

"मंग त्यांना निरोप द्या. म्हणावं, डबा रिकामा देऊन राहिलो, राग धरू नका. शेजाऱ्याचा डबा भरून परत द्यायचा असतो. घरचा असला तर..." तो थांबला. ते थांबणं मला ऐकू आलं. "घरचा असला तर रिकामाच घरी येतो. तो डबा मला घरचा करायचाय. तुमच्या लेकीला चालंल का, तेवढं इचारा."

मशीनच्या कडेनं त्याची मान दिसत होती. कानापर्यंत लाल झालेली.

"बाबांना विचारायची गरज नाही," मी म्हणाले. "लेकीला चालेल."

"ऐकू आलं न्हाई. इथं रेंज..."

"रेंज पूर्ण आहे. खोटं बोलू नका. इकडे या, परत सांगते."

तो आला. मी फोन कापला नाही. बॉनेटवर, उघड्या डब्याशेजारी, बाबांसाठी तसाच चालू ठेवला.