अकरा फण्यांचा घड

"अगं सुमन, दोन फण्या गेल्या कुठं?" भटू ओरडलाच!

सुमनने पुन्हा मोजल्या. नऊ! सकाळी घड उतरवला तेव्हा अकरा होत्या, सुमन, भटू आणि रईसा या तिघा दोस्तांनी तीनतीनदा मोजल्या होत्या. मोरीच्या पाण्यावर वर्षभर ही केळ पोसली, ती आजच्या गावच्या प्रदर्शनासाठीच. सर्वश्रेष्ठ घडाचा मान दरवर्षी तिच्या चुलत्यांचा, झुलालनानांचा. यंदा त्यांच्या घडाला दहा फण्या होत्या.

"आपण जेवायला गेलो तेवढ्यात कापल्या!" रईसा म्हणाली. दांड्यातून चीक ठिबकत होता. "कापणाऱ्याच्या कपड्यांवर उडाला असणारच. आत्ता दिसायचा नाही, वाळला की काळा पडतो. शिंप्याची मुलगी आहे मी, मला विचारा!"

सुमन नानांकडे धावली, मागोमाग भटू आणि रईसा. घडाला ऊन लागू नये म्हणून पाला कसा बांधायचा, ते नानांनीच शिकवलं होतं. कालच म्हणाले होते, "तुना घड बठ्ठासमा भारी शे, पोरी!" सगळ्यांत भारी!

"बकरीनं खाल्ल्या असतील," नाना नवा पांढरा सदरा नीट करत म्हणाले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"कोयता घेऊन येणारी बकरी!" भटू कुजबुजला.

तिघांनी सगळं धुंडाळलं. फण्या सापडल्या नानांच्याच गोठ्यात, कडब्याखाली! सुमनने त्या उचलून भटूच्या पिशवीत टाकल्या. "गड्याचं काम असेल," ती म्हणाली. तसंच असावं, असं तिला फार वाटत होतं.

चार वाजता शाळेच्या ओट्यावर कृषी अधिकारी घड पाहू लागले. सुमनने सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, आज तुम्ही केळीला हात लावला होता?"

"छे! माझा घड गड्यांनी उतरवला."

"मग बाहीवर हे काय?" रईसाने बोट दाखवलं. पांढऱ्या बाहीवर काळेभोर ठिपके उठले होते! भटूने पिशवीतून फण्या काढून दांड्याला लावल्या. काप अगदी बरोबर जुळले.

नानांची मान खाली गेली. "पोर चुलत्याच्या वरचढ ठरली असती, तर गाव हसलं असतं," ते पुटपुटले.

"अकरा फण्या! पहिला नंबर सुमनचा!" अधिकारी म्हणाले. "आणि या तिघांचं डोकं तर घडाहून अव्वल! शाब्बास!" टाळ्यांनी ओटा दणाणला.

नाना जवळ आले. "तू मनापेक्षा, तुना नानापेक्षा सरस निंघनी, पोरी."

"कालही असंच म्हणालात, नाना. तेव्हा मला खरं वाटलं होतं!" सुमन म्हणाली.

घड उचलायला नानांनी नेहमीसारखा हात पुढे केला. सुमनने भटूला हाक मारली.