गॅलीमागे सहा चुका

सन १९६६च्या हिवाळ्यात तोरुनच्या एका छापखान्यात पक्ष्यांच्या कोशाची जुळणी चालू होती. तीन नंबरच्या यंत्रावरून येणाऱ्या प्रत्येक गॅलीत, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापात, नेमक्या सहा चुका असत. पाच नाहीत, सात नाहीत.

मी तिथे मुद्रितशोधक होते. रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे इतकी नियमितता मला योगायोग वाटेना. चुकाही एकाच जातीच्या. कोशाचे रकाने अरुंद आणि पिसांची विशेषणे मालगाडीसारखी लांब. ‘फिकट तपकिरी’ हा आमच्या भाषेत एकच शब्द — यास्नोब्रोंझोवी. ओळ संपली की तो सांध्यावर, ‘यास्नो’नंतर तोडायचा. तीन नंबरवरचा जुळारी क्सावेरी तो ‘यास्नोब’नंतर तोडी, आणि तेही अकरा वर्षांच्या अनुभवानंतर.

कारण शोधायला मी दिवा बदलून पाहिला. हस्तलिखित तपासले. माझ्या जागी दुसऱ्या शोधक आदेलाबाई बसल्या, त्या दिवशी गॅली निर्दोष निघाली.

“आजही सहाच,” मी यंत्रापाशी उभी राहून म्हणाले.

“मोजता वाटतं?”

“पगार त्याचाच मिळतो मला.”

“मग शिशाच्या ओळी पुन्हा ओतून होईपर्यंत बसा. चहा घ्या.”

“हा दुसरा ग्लास कुणाचा?”

“असाच… भरून ठेवतो.”

तापलेल्या शिशाचा वास, खिडकीवर वितळणारा बर्फ, शाईने नखे काळी झालेल्या त्याच्या बोटांमधला तो स्वच्छ ग्लास — हे मला अजून जसेच्या तसे दिसते.

शनिवारी छापखान्याच्या मास्तरांनी त्याला सर्वांदेखत बजावले, “सोमवारी पुन्हा अशी गॅली आली, तर यंत्र सोड आणि बाइंडिंगला जा.” ते रविवारभर माझ्या मनातून गेले नाही.

सोमवारच्या गॅलीत पाच चुका होत्या. सहावी मी तीनदा शोधली. पाचपर्यंत चुका असल्या की गॅली दोरीच्या टोपलीतून खाली सोडायची. जास्त असल्या तर शोधकाने स्वतः उतरून दुरुस्ती होईतो यंत्रापाशी थांबायचे, असा आमचा नियम. मी गॅली टोपलीत ठेवली, काही वेळ तिच्याकडे पाहिले… आणि ती उचलून जिना उतरले.

“टोपली मोडली का?” त्याने विचारले.

“नाही.”

“पाचच आहेत, फेलित्स्याबाई. यायची गरज नव्हती.”

“ठाऊक आहे. आदेलाबाईंच्या वेळी एकही नसते, ते का?”

“त्यांचे गुडघे दुखतात हो. त्यांना कशाला जिना उतरायला लावू?”

“आणि मला?”

त्याने यंत्र थांबवले.

“तू यावंस म्हणून,” तो म्हणाला.

‘अहो’वरून ‘तू’वर यायला आमच्याकडे आधी परवानगी मागतात. त्याने मागितली नाही. मीही त्यावर चूक म्हणून खूण केली नाही.

एकतीस वर्षे संसार झाला. तो गेल्यानंतर आता कारण नोंदवते: मला खाली यावे लागेल अशी सर्वांत लहान संख्या सहा होती.